लिहून देणार

आईचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता.

फेब्रुवारी २०१९. तालुक्याच्या गावातलं दुय्यम निबंधक कार्यालय, जिन्याखालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आलेली गर्दी, आणि खिडकीशेजारच्या बाकावर पदर डोक्यावरून घेऊन बसलेली माझी आई. वय एकाहत्तर. काचेवर अंगठा ठेवला की पडद्यावर लाल खूण यायची. ऑपरेटर पोरगा समजूतदार होता. "आजी, पदराला पुसा अन् परत ठेवा," म्हणाला. तिनं पुसला. परत तेच. चौथ्या वेळी मोठे मामा पुढे झाले. खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि लहान लेकराचं तोंड पुसावं तसा बहिणीचा अंगठा हळूहळू पुसला. मग तिचा हात हातात धरून काचेवर दाबला. हिरवी खूण आली.

कापूस वेचून, ज्वारी काढून, शेण लावून त्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. त्या झिजायला सुरुवात झाली ती तिच्या बापाच्या रानात, आणि त्याच रानातला आपला हिस्सा सोडून देण्यासाठी ती त्या दिवशी बाकावर बसली होती.

कागदाचं नाव हक्कसोडपत्र. २०० रुपयांचा मुद्रांक, विनामोबदला. आपल्याकडच्या दस्तात सुरुवातीलाच दोन बाजू मांडलेल्या असतात, 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार'. लिहून घेणार दोन्ही मामा. लिहून देणार आई, आणि पहाटेच्या एसटीनं आलेली धाकटी मावशी. साहेबांनी विचारलं, "मजकूर वाचून दाखवला ना? कबूल आहे ना?" आई म्हणाली, "व्हय." मावशीनं नुसती मान हलवली.

मी मागे उभी होते. मी वकील आहे. त्या कागदाचा मसुदा आदल्या रात्री मीच वाचला होता. गट नंबर तपासला, आईच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण यात नेमकं काय चुकलं हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं.

मसुदा वाचल्यावर मी आईला विचारलं होतं, तुला हे खरंच करायचंय का? ती भाकरीचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जमीन घेऊन मी कुठं ठेवू बाई? भाऊबीजेला जायला एक दार राहिलं पाहिजे."

कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात या वाक्याला उत्तर नाही. बायका अडाणी असतात, भावाच्या गोड बोलण्याला भुलतात, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. माझ्या आईला हिशेब पक्का कळत होता. नवऱ्याचं बरंवाईट झालं, सासरच्यांनी बाहेर काढलं, पोरीचं लग्न निघालं, दुष्काळ पडला, तर तिला उभं करणारं जगात एकच ठिकाण होतं आणि ते म्हणजे माहेर. माझे वडील आजारी पडले तेव्हा पहिली गाडी मामाचीच आली होती. माझ्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाची फी धाकट्या मामांनी कापूस विकून भरली होती. आई तिचा वाटा मामांना फुकट देत नव्हती. त्या दाराचा हप्ता ती एकरकमी भरत होती. भावाला मात्र आपल्याच बापाच्या दारासाठी असा हप्ता कधी भरावा लागत नाही.

कागद झाल्यावर मामांनी आम्हाला हॉटेलात नेलं, भजी मागवली, आणि दोघी बहिणींना इरकली साडी आणि खण दिला. साडीचोळीवर बोळवण हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी त्याचं वजन किती ते कळलं. चौदा एकराचं.

आता थोडं कायद्याचं, कारण आईच्या आयुष्याची ओढाताण त्यात स्पष्ट दिसते. तिचं लग्न १९६४ सालचं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीला वाटा दिला होता, पण तो वडिलांच्या हिश्श्यातला. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर जन्मानं हक्क होता तो मुलांचा. १९९४ साली महाराष्ट्रानं कायदा बदलला आणि लेकीही मुलांसारख्याच सहहिस्सेदार झाल्या. एक अट घालून. लग्न झालेल्या लेकी सोडून. म्हणजे ज्या बायका आधीच परक्या घरी दिल्या होत्या, त्या कागदावरही परक्याच राहिल्या. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. मग वाद सुरू झाला की वडील त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरला हयात असायला हवेत की नकोत. २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवेत. माझे आजोबा १९९८मध्ये गेलेले. म्हणजे आईच्या हाती पुन्हा वडिलांच्या हिश्श्यातला तो छोटा तुकडाच.

आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, वडील हयात असण्याची गरज नाही, लेकीचा हक्क जन्मानंच आहे. आमचा कागद झाल्याला तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. थांबलो असतो तर आईचा वाटा भावांच्या बरोबरीचा असता. मी तिला फोन करून निकाल सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता कशाला उकरायचं? अन् मामाला सांगू नकोस, त्याच्या जिवाला लागंल."

त्या निकालानंतर मी माझ्या कपाटातल्या फायली वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तालुका कोर्टात वकिली करून आता पंधरा वर्षं होत आली. बायका सह्या करतात ते किती कागद माझ्या हातून गेले असतील, त्याची मोजदाद नाही. हक्कसोडपत्र. परस्परसंमतीनं घटस्फोटाचा अर्ज, ज्यात 'यापुढे पोटगीबाबत कसलाही हक्क सांगणार नाही' ही ओळ असतेच. पोलीस ठाण्यातला जबाब, 'आमच्यात आपसात समझोता झाला असून माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही.' कामाच्या जागी त्रास झाला म्हणून दिलेला अर्ज मागे घेतल्याचं पत्र. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी तेच जुनं वाक्य, राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देत आहे.

या कागदांत बाई जवळजवळ नेहमी लिहून देणारच असते. जिथं काही मिळायचं असतं तिथं तिची सही क्वचितच लागते. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावे, म्हणून पीककर्जाच्या अर्जावर सही त्याची. बाजार समितीतली पट्टी त्याच्या नावाची. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीदारांत बायका होत्या फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. निंदणी, खुरपणी, वेचणी, मळणी कोण करतं ते गणनेच्या तक्त्यात येत नाही, पण रस्त्यानं जाताना कुठल्याही रानात नजर टाकली की दिसतं.

जुन्या दप्तरातली बाईच्या नावाची नोंद पाहिली आहे का? 'अमुकबाई भ्र. तमुक.' भ्र. म्हणजे भ्रतार. पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदात 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको. तिचं नाव एका टेकूशिवाय कागदावर उभं राहत नाही. आणि कितीतरी सातबाऱ्यांवर लेकींची नावं मूळ रकान्यात नव्हतीच, ती टाकलेली असायची 'इतर हक्क' या रकान्यात. जिथं सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा लिहितात, तिथं. बँकेचं कर्ज आणि घरची लेक एकाच रकान्यात. आईचं नावही आधी तिथंच होतं.

पण ज्या कागदावर आपण आहोतच हे बाईला माहीत नसतं, त्या कागदाचं काय?

मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला एकच शब्द आहे, कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती नवऱ्याच्या हातात, वहीत नाव त्याचं, सही त्याची. बाई त्या सहीत बांधून जाते. पहाटे उठून भाकरी थापून, पोराला पाचटावर निजवून ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते, पण मुकादमाच्या वहीत तिच्या नावाची ओळ नसते. तिच्या आजारपणाची ओळ मात्र असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाडा कोयत्याचा धरतात, म्हणजे दोघांचा.

जिथं एक दिवस पाळीत बसून राहण्याची किंमत उचलीतून कापली जाते, तिथं पाळीच नको असं बाईला वाटलं तर त्यात नवल काय? २०१९मध्ये, आमचा कागद झाला त्याच वर्षी, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२ हजारांहून अधिक बायकांची, त्यातल्या १३ हजार ८००हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरातल्या जवळपास सतरा. चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई माझ्याकडे आली होती. काम वेगळंच होतं, दिराशी बांधावरून भांडण. कागद काढताना तिच्या प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याची फाइल खाली पडली. मी उचलून दिली तर म्हणाली, "ते पिशवी काढल्याचं हाय." आमच्याकडे असंच म्हणतात, पिशवी काढली. वय विचारलं तर तेहतीस. अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. दवाखाना खासगी, पैसे मुकादमाकडून, ते पुढच्या उचलीत धरलेले. मी फाइल उघडली. संमतीपत्र इंग्रजीत छापलेलं. खाली तिचा अंगठा. शाईत भरपूर बुडवून घट्ट दाबलेला, त्यामुळे रेघा कुठल्याच नाहीत, नुसता निळा डाग. मी विचारलं, यात काय लिहिलंय ते कुणी सांगितलं होतं का? ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या प्रश्नाचा तिला राग आला नाही, तो तिला नवीन होता. मग म्हणाली, "सई कर म्हनले, केली."

त्या शस्त्रक्रियेनंतर तिची कंबर कायमची धरली होती. तरी ती पुढच्याच हंगामाला गेली, कारण उचल फिटली नव्हती.

संमती या शब्दाशी माझं भांडण तिथून सुरू झालं असं मला वाटायचं. पण ते त्याहून जुनं आहे, कॉलेजातलं. २६ मार्च १९७२च्या रात्री गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ती अल्पवयीन असावी, भाऊ आणि नातलग बाहेर उभे. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये पुन्हा सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिनं प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती असावी. तिनं काहीच लिहून दिलं नव्हतं. तिच्या भीतीलाच तिची सही धरलं गेलं.

त्या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि आपल्याकडचे दोघं, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. पत्राचा साधा मुद्दा होता की निमूट सोसणं आणि राजी असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं ते गृहीत धरून चालायचं. अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, ही गोष्ट कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र २०१३ उजाडलं. बेचाळीसाव्या वर्षी. त्या मुलीचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. मी लिहीत नाही. तिच्यामुळेच झालेल्या बदलानं पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं, आणि ज्या नावाला ते कवच मिळालं नाही ते तिचंच होतं.

माझ्या व्यवसायाबद्दल इथं एक सांगायला हवं. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, १८९२ साली परीक्षा पास झाल्या, आणि हिंदुस्थानातल्या बायकांना वकिली करायची कायदेशीर मुभा आली १९२३मध्ये. एकतीस वर्षं. सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई न्यायमूर्ती १९८९ला, फातिमा बीवी. तिथून २०२१पर्यंत सगळ्या मिळून अकरा. संमती म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर कोण बसलेलं होतं, ते यावरून कळावं.

मग नाही म्हणालेल्या बायका नव्हत्याच का? होत्या. त्यातल्या एकीची मला फार ओढ आहे. रखमाबाई. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, नवऱ्याकडे नांदायला गेलेल्या नाहीत. १८८४ साली दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायको माझ्या ताब्यात द्या. न्यायमूर्ती पिन्हे यांनी पहिल्यांदा दावा फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फरान यांनी हुकूम केला, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांसारखा माणूस विरोधात, वर्तमानपत्रांतून रोज धुरळा. त्याआधी, १८८५ साली, त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं लिहिली होती. खाली सही होती 'अ हिंदू लेडी'. तेव्हा नाव घालता येत नव्हतं.

शेवटी जुलै १८८८मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. पैसे घेऊन हक्क सोडणारा त्या प्रकरणात पुरुष होता. बाईनं काही लिहून दिलं नाही. ती पुढच्या वर्षी लंडनला वैद्यकी शिकायला गेली आणि परत येऊन सुरतेला, राजकोटला बायकांची बाळंतपणं केली, १९५५पर्यंत जगली. पण रखमाबाईंना एक गोष्ट होती जी माझ्या आईला नव्हती. सावत्र वडील, डॉक्टर सखाराम अर्जुन, आणि त्यांच्या घराचं दार उघडं होतं. ज्या बाईला जायला दार असतं तिलाच नाही म्हणता येतं, असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे.

हे पूर्ण खरं नसावं, अशी शंका आली ती आमच्याच भागातल्या एका सरपंचबाईंमुळे. १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत एकतृतीयांश जागा बायकांना, आणि २०११ला महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. तेव्हापासून 'सरपंचपती' हा शब्दही गावात रुळला. या बाईंचं तसंच. आरक्षण निघालं म्हणून नवऱ्यानं उभं केलं. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर तेव्हा दोन सह्या लागायच्या, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. नवरा चेकबुक घरी घेऊन यायचा, ती चुलीपुढून उठून, हात पुसून सही करायची. एकदा सही करताना पिठाचं बोट कागदाला लागलं आणि बँकेनं चेक परत केला. दुसरा लिहून आणला. तेव्हा तिनं सहज विचारलं, "कशाचा आहे?" नाली दुरुस्तीचा. "कुठली नाली?" तिच्या घरासमोरची नाली तर तशीच तुंबलेली होती.

तिनं नाही म्हटलं नाही. भांडणही केलं नाही. म्हणाली, "उद्या बघते." तो उद्या आठ दिवस लांबला. त्या आठ दिवसांत घरात काय झालं ते तिनं मला सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवव्या दिवशी नालीचं काम सुरू झालं. ते अर्ध्यावर आल्यावर तिनं सही केली. मला म्हणाली, "वकीलबाई, सही केली की आपण रिकामे. न केलेली सही आपल्याकडं असती." हे तिला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि म्हणूनच सही रोखणारी बाई लोकांना खुपते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात म्हणून अपात्र ठरवलं होतं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पद परत मिळवलं. न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, बाई सरपंच झाली हे गावाला पचलं नाही, यातून हे घडलं आहे, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणं इतक्या हलक्यात घेता येत नाही. तो निकाल मी छापून सरपंचबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला नाही. घरी ठेवला, चेकबुकाशेजारी.

उलट्या दिशेचा कागदही आपल्याकडे होऊन गेला आहे. शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्ती सुरू केली. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. शरद जोशी गावोगाव जाऊन सांगत होते की घरच्या लक्ष्मीचं देणं आधी फेडा. १५ सप्टेंबर १९९२च्या शासनाच्या परिपत्रकानं नवऱ्याच्या नुसत्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली. त्यात लिहून देणारा पुरुष होता, आणि त्यानं आकाश कोसळलं नाही. ते परिपत्रक मी आजही अशिलांना दाखवते. नवरे ऐकून घेतात, "बघू" म्हणतात. पंधरा वर्षांत तीन अर्ज झाले. तिघांच्याही घरी फक्त मुली होत्या.

हक्कसोडपत्राला आलेल्या बायकांना मी आता एक गोष्ट सांगते. आज सही करू नका, आठ दिवसांनी या. भावाला बाहेर बसवते आणि मजकूर बाईला एकटीला वाचून दाखवते. किती जमीन, गुंठ्याला आज काय भाव, तुमचा वाटा किती, याचा आकडा कागदावर लिहून देते. बहुतेक जणी आठ दिवसांनी येतात आणि सही करतात. त्यांना मी अडवत नाही. गेल्या पावसाळ्यात एकजण परत आली नाही. तिच्या भावानं मला फोनवर पुष्कळ सुनावलं. त्यात तो एक म्हणाला, "तुमच्या आईनं नाही का सोडली?"

मागच्या वर्षी एका दुपारी आईनं मला विचारलं, "माझं नाव कुठं होतं, ते दिसतं का मोबाइलवर?" तिला वाटत होतं, सही केली म्हणजे पुसलं गेलं. मी तलाठ्याकडून उतारा काढून आणला. ती चौथी शिकलेली, चष्मा लावून, बोट ठेवून वाचत गेली. मामांची नावं. आजीचं नाव, कंसात. मग स्वतःचं, भ्र. आणि माझ्या वडिलांचं नाव, तेही कंसात.

"ह्ये असं कोंडल्यासारखं का केलंय?"

म्हटलं, कमी झालेली नावं कंसात दाखवतात.

"म्हंजी खोडत न्हाईत."

नाही. रेघ मारतात, कंस करतात, पण वाचता येतं. शेजारी फेरफाराचा नंबर असतो.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. मग उताऱ्याची चौघडी घालून साड्यांच्या कपाटात ठेवली, त्या इरकलीच्या घडीत. ती साडी तिनं एकदाच नेसली आहे.

आईचे गुडघे धरल्यापासून भाऊबीजेला मामाच आमच्याकडे येतात. यंदाही आले. मोठ्या मामांचं अंग हल्ली थरथरतं, त्यांना पाटावर बसवताना आईनंच हात दिला. तिनं ओवाळलं, कपाळाला लावलेलं कुंकू थोडं खाली ओघळलं ते पदरानं टिपलं. मामांनी ताटात पाकीट ठेवलं. त्यांच्या पाठीमागं ते कपाट होतं.